भर उन्हातला रुसवा

आमच्या यजमानांचं नाव मी तोंडानं कधी घेत नाही. लिहिताना घ्यायला हरकत नसावी, कागदाला काही ऐकू येत नाही. तर राघोबा. चिटगुप्प्याच्या बाजारात त्यांचं बी-बियाण्याचं दुकान आहे, आणि त्या दुकानात बसून ते येईल त्या गिऱ्हाइकाला एकच गोष्ट सांगतात, की ऊन म्हणजे मनाचं खूळ आहे. माणूस मनानं नरम पडला की त्याला ऊन लागतं, एरवी नाही. दुकानात पंखा आहे, पण तो गिऱ्हाइकांसाठी. स्वतः त्याच्या वाऱ्याला बसत नाहीत. मी घरी कूलर आणला तेव्हा ह्यांनी बरेच दिवस त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जिथं तो ठेवला होता त्या खोलीत जायचं बंद केलं आणि पत्र्याखाली झोपायला लागले.

माझ्याशी बोलण्याचं म्हणाल, तर लग्न झाल्यापासून मला ते 'अगं ए' म्हणतात. स्वयंपाक बिघडला तर बोलतात, जमला तर गप्प जेवतात. मी ह्याला कंटाळले होते असं नाही. काही माणसं अशीच असतात, आणि माझ्या नशिबी ते आले.

ह्या वर्षी मे महिन्यात आमच्या भागात जे ऊन पडलं, ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. नळाला सकाळी आठ वाजताच कढत पाणी यायचं. शेजारच्या बाईनं अंगणात वाळत घातलेले पापड तासाभरात वाळून वर वाकडे झाले. मोबाइलवर रोज सरकारचा लाल इशारा यायचा की दुपारी घराबाहेर पडू नका. "सरकारला दुसरं काम न्हाई," म्हणून राघोबा भर दुपारी मुद्दाम चौकापर्यंत पायी जाऊन यायचे आणि आल्यावर पाणीसुद्धा लगेच प्यायचे नाहीत, कारण आपण तहानलोय असं कुणाला वाटायला नको.

असल्या उन्हात माझ्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. भाऊ माउली भालकीजवळच्या मेहकरला असतो, शेती करतो. मुलगी मंजुश्री, नवरदेव हुलसूरचा हरिओम. अक्षता भर दुपारच्या. मी माउलीला फोन करून म्हटलं, अरे, संध्याकाळची वेळ धर की. तर म्हणाला, "आक्का, संध्याकाळी पावणे मुक्कामाला ऱ्हायले तर झोपवू कुटं? दुपारी जेवतेत आन जातेत."

आता आमच्या माहेरची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. आमच्या घरच्या लग्नात थोरला जावई रुसला नाही, तर लग्न झाल्यासारखंच वाटत नाही. रुसायला कारण लागतं, पण ते सापडतंच. भाजीत मीठ जास्त असतं, नाहीतर पत्रिकेत नाव खाली असतं. रुसायचं कसं, त्याचेही नियम आहेत. मांडवातून सगळ्यांना दिसेल असं बसायचं, पण पाठ मांडवाकडे करायची. समजूत काढायला घरच्या कर्त्या पुरुषानं जायचं, तेही अनवाणी, देवाला जातात तसं. तो पहिल्यांदा आला की तोंड फिरवायचं. दुसऱ्यांदा आला की "आमी परकेच की" म्हणायचं. तिसऱ्यांदा त्यानं हात धरला की पोरीकडे बघून उठतो म्हणायचं आणि उठायचं. तोपर्यंत त्या घरच्या पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. आणि जावई रुसलेला असेपर्यंत अक्षता पडत नाहीत, कारण आमच्यात अंतरपाटाचं एक टोक थोरल्या जावयानंच धरायचं असतं.

रुसायची जागासुद्धा ठरलेली आहे. शाळेपुढचं मोठं पटांगण ओलांडून गेलं की दगडी पार आहे. माझ्या आत्याचे यजमान तिथंच रुसले, आणि राघोबा तर आमच्या घरच्या प्रत्येक लग्नात तिथं जाऊन बसलेले आहेत. पारावर मोठा लिंब होता. त्याच्या सावलीत इतकं गार वाटायचं, की एका लग्नात समजूत काढायला गेलेल्या माउलीला राघोबांना आधी झोपेतून उठवावं लागलं होतं. तो लिंब गेल्या हिवाळ्यात रस्ता रुंद करताना तोडला. पार तसाच राहिला.

मी आदल्या दिवशीच माहेरी गेले होते. राघोबा लग्नाच्या दिवशी मोटरसायकलवरून आले, चिटगुप्प्याहून थेट, उघड्या डोक्यानं. टोपी का नाही घातली विचारलं तर म्हणाले, "फेटाच बांधायचाय की. टोपीवर फेटा बांधतेत व्हय?" डोक्यावर केस असे नाहीतच त्यांच्या. टक्कल लालभडक झालं होतं. मी पाणी पुढे केलं, तर म्हणाले आधी फेटा.

आणि तिथंच घोळ झाला. फेटेवाला उदगीरहून आलेला, नवखा. त्यानं विचारलं, "जावई कोण?" तेव्हा समोर माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान शिवशंकर बसलेले होते. ते कलबुर्गीला आरोग्य खात्यात आहेत, एसीच्या गाडीतून सकाळीच येऊन कूलरसमोरची खुर्ची धरून बसले होते. ते म्हणाले, "मी." ते काही खोटं नव्हतं. फेटेवाल्यानं त्यांना मोरपिशी रंगाचा, हातभर तुऱ्याचा फेटा बांधून दिला. मांडवातला पहिला फेटा, जो थोरल्या जावयाचा मान असतो.

राघोबांनी तुऱ्याकडे पाहिलं. "पहिला फेटा कुणाला बांधलाव?" त्यांनी विचारलं. फेटेवाल्यानं शिवशंकरांकडे बोट दाखवलं. "बरं," ते म्हणाले. एवढंच. चप्पल घातली आणि पटांगण ओलांडून पाराकडे निघाले. माझ्या मनात पहिल्यांदा काळजी आली नाही, राग आला. आज तरी नको होतं, असं वाटलं. आणि त्यांच्या हट्टी स्वभावाला मी मनातल्या मनात भरपूर नावं ठेवली.

पारावर जाऊन ते बसले, पाठ आमच्याकडे, जसे नेहमी बसतात तसे. फक्त वर लिंब नव्हता. दगड सकाळपासून तापलेला. बसल्या बसल्या एकदा दोन्ही हात टेकून ते जरासे वर उचलले गेले, पण पुन्हा बसले. मांडवातल्या बायकांनी ते पाहिलं आणि तोंडाला पदर लावले.

माउलीनं रीतीप्रमाणे चप्पल काढली आणि निघाला. मांडवाच्या सावलीतून बाहेर पहिलं पाऊल ठेवलं, दुसरं ठेवलं, आणि मग तो चालतोय की नाचतोय ते कळेना. बँडवाल्यांना वाटलं नवरीचा बाप आनंदानं नाचायला लागला, म्हणून त्यांनी वाजवायला सुरुवात केली. माउली उड्या मारत कसाबसा पटांगणाच्या मध्यावर उभ्या असलेल्या ट्रॉलीच्या सावलीत पोचला आणि तिथंच खाली बसून तळपाय फुंकायला लागला. पुढंही जाता येईना, मागंही येता येईना.

"माउली, पुढं जा की!" मांडवातून कुणीतरी ओरडलं.

"तू ये की मग!" माउली ट्रॉलीखालून ओरडला.

कर्ता पुरुष अडकला म्हणून भावकीतली चार म्हातारी माणसं निघाली. त्यांनी डोकं चालवलं. नवरदेव ज्या घोड्यावरून मारुतीला जाऊन आला तो घोडा पटांगणात होता. त्याच्या सावलीत राहून, घोड्याबरोबर चालत चालत पारापर्यंत पोचायचं, असं त्यांनी ठरवलं. घोड्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. तो थोडा पाराकडे गेला, मग त्याला शाळेच्या हौदाचा वास लागला असावा, आणि तो तिकडे वळला. चार म्हातारे धोतराचे सोगे धरून त्याच्या पोटाला चिकटून त्याच्याबरोबर वळले. हौद कोरडा होता. घोडा तिथंच उभा राहिला आणि तेही उभे राहिले.

इकडे मांडवात नवरदेव हरिओम जाड कापडाच्या कोटात, वरून जॅकेट, वरून फेटा, वरून बाशिंग अशा अवस्थेत पाटावर उभा होता. अंतरपाट धरायला जावई नाही म्हणून लग्न थांबलेलं. त्याचे मित्र त्याला पत्रावळीनं वारा घालत होते आणि त्याची आई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होती, "हुलसुरात असं चालत न्हाई बाई." मंजुश्रीनं बाशिंगाखालून माझ्याकडे पाहिलं. "आत्या, मामांना आण की," ती म्हणाली; राघोबांना ती मामा म्हणते. तिच्या चेहऱ्यावरची हळद घामानं गळ्यापर्यंत आली होती.

शेवटी शिवशंकरनी माईक हातात घेतला. आपल्यामुळे झालंय ह्याची त्यांना लाज वाटत असावी. "हॅलो, हॅलो," ते म्हणाले, "राघोबाअण्णा, आपण पारावर आहात, तर कृपया मांडवात यावं ही नम्र विनंती." जत्रेत हरवलेल्या पोराला बोलवतात तसं. पाराकडून काही हालचाल नाही. मग शिवशंकर आपल्या खात्याच्या भाषणावर गेले. "माणसाच्या अंगाला ऊन सोसायची एक हद्द असते, हे ध्यानात घ्या. आतली गरमी घामावाटे बाहेर जाते. एका हद्दीनंतर घाम येणं थांबतं. मग गरमी मेंदूत जाते आणि माणूस स्वभावाच्या उलट वागायला लागतो, काहीबाही बोलायला लागतो. तेव्हा फार उशीर झालेला असतो." ते श्वास घ्यायला थांबल्यावर बँडवाल्यांनी परत वाजवलं.

तेवढ्यात ट्रॉलीखाली माउलीचा फोन वाजला. राघोबांचा होता. माउलीनं तो सगळ्यांना ऐकू यावा म्हणून स्पीकरवर लावला. "माईकवरची समजूत धरत न्हाईत," राघोबा म्हणाले. "आन मी तुझ्याशी बोलत न्हाई." फोन बंद.

"दाजी बोलले तरी," माउली तिथून ओरडला. "म्हंजे शुद्धीवर हायत!"

मग पाण्याचा प्रश्न निघाला. पाणी तरी पाजा म्हणून सगळे एकमेकांना सांगायला लागले, पण माउलीच्या घरचं पाणी ते घेणार नाहीत हे सगळ्यांना माहीत. हरिओमचा एक मित्र बाटली घेऊन पळत गेला. नवरदेवाकडचं पाणी चालेल, असा त्याचा हिशेब. त्याच्या पायात बूट होते म्हणून तो पोचला तरी. बाटली पुढे केली, तर राघोबांनी विचारलं ती कुठनं आणली. मांडवातून. मग ती माउलीचीच झाली, असं म्हणून त्यांनी परत पाठवली. पोरगा परत येईपर्यंत अर्धी बाटली स्वतःच प्याला.

घोड्याच्या आडून एक म्हातारा ओरडला की एसटीच्या कंडक्टरकडून पाणी मागावं, ते कुणाच्याच घरचं नसतं. दुसरा म्हणाला ते कंडक्टरच्या घरचं असतं. तिसरा म्हणाला, पण कंडक्टर काही आपल्यात सोयरा नाही, मग त्याच्याशी रुसायचा प्रश्न कुठं येतो? ह्यावर त्यांचा वाद सुरू झाला. घोड्यानं कान पाडले.

हे सगळं मी मांडवातून बघत होते आणि मला हसू येत होतं, खोटं कशाला सांगू. उठतील थोड्या वेळानं, मी स्वतःला सांगत होते. एवढ्या वर्षांत कुठल्या रुसव्यानं काही झालंय? पण अधूनमधून मान वळत होती पाराकडे.

आणि तेवढ्यात राघोबा उठून फिरले. पाठ मांडवाकडे असते ती त्यांनी उलटी केली आणि आमच्याकडे तोंड करून बसले. मग त्यांनी हात वर केला आणि हलवला, गाडीतून जाताना लहान पोरं हलवतात तसा. आणि हसले. लांबून दिसत होतं, चांगले दात काढून हसत होते.

"रुसवा गेला, रुसवा गेला!" बायका टाळ्या वाजवायला लागल्या.

हा माणूस लग्नाच्या फोटोतसुद्धा हसलेला नाही. रुसलेला असताना मांडवाकडे तोंड करून तो हसेल, हे शक्यच नव्हतं. मी हातातला गजरा टाकला, चुलीजवळचा पाण्यानं भरलेला तांब्या उचलला, चप्पल घातली आणि निघाले. मी समजूत काढायला चाललेच नव्हते, मला अनवाणी जायची गरज नव्हती.

बाहेर पाऊल टाकल्यावर मला पहिल्यांदा कळलं की बाहेर काय आहे. वारा होता, पण तो भट्टीचं दार उघडल्यावर येतो तसला. नाकात श्वास घेतला की आत जळायचं. शालूची जर खांद्याला चटके द्यायला लागली. ट्रॉलीजवळून जाताना माउली म्हणाला, "आक्का, त्यांना म्हणावं मी निम्म्यापर्यंत आलोय, त्यातच धरा." मी थांबले नाही.

पारावर पोचले. राघोबा बसले होते, चेहरा तांबडा आणि कोरडा. घामाचा एक थेंब नाही. शर्टावर घामाचे पांढरे डाग वाळलेले.

"अहो," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे माझ्यावर होते, पण नीट लागत नव्हते. आणि ते म्हणाले, "कमल. ये. बस."

त्यांच्या तोंडून माझं नाव मी आजपर्यंत ऐकलं नव्हतं. आपल्या नवऱ्याचा आवाज आपलं नाव घेताना कसा लागतो, हे मला त्या दिवशी समजलं.

"दमलीस तू," ते म्हणाले, अगदी मऊ आवाजात. "सकाळपासून कामातच हायस. जरा बस हितं सावलीत. ह्या लिंबाखाली बग कसं गार वाटायलंय."

वर लिंब नव्हता. वर कोरं पांढरं आभाळ होतं.

"तुज्या हातचं वरण," ते म्हणाले, "लई चांगलं असतंय. मी कधी बोललो न्हाई. आपल्या मंजूच्या लग्नात तूच दिसायलीस नवरीवाणी."

मी ते ऐकलं आणि मला दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या. मला इतकं बरं वाटलं, की मी सांगू शकत नाही. आणि मला कळून चुकलं की हा माणूस माझ्या हातातून चाललाय. शिवशंकर माईकवर जे म्हणाले होते ते माझ्या कानात वाजायला लागलं. मी त्यांच्या कपाळाला हात लावला तर भाकरीचा तवा होता. मी तांब्या त्यांच्या टकलावर रिकामा केला. ते पाणी घरचं की दारचं, ते बघायला देव समर्थ आहे. मग मी ओरडले. माझा आवाज मोठा आहे असं राघोबा नेहमी म्हणतात, त्या दिवशी त्याचा उपयोग झाला.

नवीन रस्त्यावरून गुरुलिंगअण्णाचा पाण्याचा टँकर मांडवाकडे यायला लागला होता. जेवणावळीसाठी मागवलेला. मी रस्त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले, पदर सुटलेला, हात पसरलेले.

"येनाय्तु अक्का?" गुरुलिंगअण्णा खिडकीतून डोकं काढून कानडीत म्हणाला, म्हणजे काय झालं म्हणून.

"पाइप सोड!" मी म्हटलं. "ह्यांच्यावर सोड!"

"अक्का, स्वयंपाकाचं पाणी हाय. आचारी मला मारतोय."

"मी त्याच्या आधी मारते!"

गुरुलिंगअण्णानं पाइप काढला आणि सोडला. पाणी जोरात आलं, पारावर, राघोबांवर, माझ्या शालूवर, आणि तिथून उताराला लागून पटांगणात. राघोबा त्या पाण्याखाली डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "बग, पाऊस. म्या म्हणलो होतो ना." काय म्हणाले होते ते देव जाणे.

पटांगण ओलं झालं तसं जमिनीचा चटका गेला. आणि मग जे जिथं अडकले होते ते सगळे सुटले. माउली ट्रॉलीखालून निघाला आणि अनवाणी पळत आला, अगदी रीतीप्रमाणे. चार म्हातारे घोड्याला सोडून आले. घोडा पाण्याकडे आला आणि त्यानं गुरुलिंगअण्णाच्या पाइपालाच तोंड लावलं. माउलीनं राघोबांचा हात धरला. "चला दाजी, चुकलं आमचं," तो म्हणाला.

राघोबांनी त्याच्याकडे प्रेमानं पाहिलं. "माउली," ते म्हणाले, "तू लई गुणाचा हायस."

माउलीनं हात सोडला आणि मोठ्यानं रडायला लागला. "आक्का, गेले गं दाजी! गेले!"

"न्हाई गेले!" मी म्हटलं. "उचला!"

शिवशंकर एव्हाना एसीची गाडी घेऊन थेट पटांगणातून पारापाशी आले होते. त्यांनी राघोबांची नाडी बघितली आणि त्यांचा चेहरा बदलला. डोक्यावरचा मोरपिशी फेटा त्यांनी ओढून काढला, पाइपाखाली चिंब भिजवला आणि राघोबांच्या डोक्याला, मानेला, छातीला गुंडाळला. तुरा चिखलात पडला, तिकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. माझा आतापर्यंतचा सगळा राग मी त्यांच्यावर काढायच्या बेतात होते, तो तिथंच विरला.

"अंतरपाटाचं काय?" माउलीनं रडता रडता विचारलं. दोन्ही जावई गाडीत, एक आडवा आणि एक स्टिअरिंगवर. मांडवातून मंजुश्रीचा आवाज आला, माईकवरून. नवरीनं माईक हिसकावून घेतला होता. "आत्या, तुमी जा! आमी करतो!"

नंतर कळलं की अंतरपाटाचं एक टोक उदगीरच्या फेटेवाल्यानं धरलं. आमच्या घराण्यात असं कधी झालं नव्हतं. हुलसूरच्या विहीणबाईंनी चकार शब्द काढला नाही, कारण तोपर्यंत त्यांचा हरिओम बाशिंगासकट खाली बसला होता आणि लग्न लागेपर्यंत परत उठेल की नाही ह्याची त्यांना खात्री नव्हती. अक्षता पडल्या तेव्हा नवरा-नवरी दोघंही ओल्या चादरीखाली होते.

भालकीच्या दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यात मी राघोबांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. शिवशंकर गाडी हाणत होते आणि दर थोड्या वेळानं विचारत होते, "आक्का, बोलायलेत का?" आणि मी सांगत होते, बोलायलेत. राघोबा बोलत होते, हळू हळू, माझं नाव घेऊन. मी त्यांना म्हणत होते, शिव्या द्या. अहो, एकदा तरी ओरडा माझ्यावर. पण ते हसत होते आणि मला म्हणत होते की माझे हात किती गार आहेत.

दवाखान्यात चैत्रा नावाच्या पोरसवदा डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बर्फ लावला, ओल्या चादरी टाकल्या, दोन्ही हातांना सलाईन लावलं आणि मला बाहेर बसायला सांगितलं. मी ओल्या शालूतच बाकावर बसले. शिवशंकर येरझाऱ्या घालत होते, डोक्यावर फेटा नाही, कपाळावर त्याचा रंग उतरलेला. थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच म्हटलं, "मी सांगायला पायजे होतं, थोरले जावई यायचेत म्हणून." मी म्हटलं, राहू दे. आणि खरंच राहू दे असं मला वाटत होतं. मला त्या क्षणी जगात फक्त एक गोष्ट हवी होती.

ऊन कलल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. राघोबांनी डोळे उघडले होते. छताकडे पाहिलं, सलाईनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"अगं ए," ते म्हणाले. "ह्यो पंखा कुणी लावलाय? बंद कर. सर्दी हुतीय."

मी रडायला लागले. उभ्या उभ्या, डॉक्टरीणबाईंसमोर, लहान मुलीसारखी.

"रडायलीस कामून? मेलो न्हाई मी," ते म्हणाले. "आन ही काय अवस्था करून घेतलीस शालूची? किती पैसं मोजलं होतं त्याला."

मी आणखी रडले. डॉक्टरीणबाईंना वाटलं, नवरा त्रास देतो म्हणून रडते. त्या त्यांना रागवायला लागल्या. मी हातानं त्यांना खुणावलं, नका, नका थांबवू, बोलू द्या.

मग शिवशंकर भेटून गेले, डॉक्टरीणबाई दुसऱ्या खाटेकडे गेल्या. राघोबांनी इकडे तिकडे बघून घेतलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"तितं पारावर," ते म्हणाले, "मी काय बोललो का गं?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या चेहऱ्यावर मला भीती दिसली. उन्हाला न भ्यालेला माणूस स्वतःच्या तोंडून काय निघून गेलं असेल ह्याला भ्याला होता.

"बोललात की," मी म्हटलं. "माउलीला शिव्या दिल्या. फेटेवाल्याला दिल्या. मला तर सगळ्यांत जास्त दिल्या."

"व्हय?"

"व्हय. वरणावरनं पण बोललात. पाणी घालतीस म्हणून."

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "मग ठीक हाय," ते म्हणाले आणि त्यांनी कूस बदलली.

मी त्यांच्या कपाळावरची पट्टी काढली, पाण्यात बुडवली, पिळली आणि परत ठेवली. पारावर मी जे ऐकलं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, माउलीलासुद्धा नाही. ते शब्द मला परत एकदा ऐकायचे होते. आणि देवा, ते परत कधी माझ्या कानावर पडू नयेत, असंही मी त्या खाटेशी बसून मागत होते.

"अगं ए," राघोबा डोळे न उघडता म्हणाले, "पट्टी नीट ठिव. कानात पाणी जायलंय."

मी ठेवली नीट.